परतभेट

फातोतोच्या धक्क्यावर एक खुंट आहे,
त्यावर माझ्या सुरीच्या दोन खुणा,
एक भरतीची, एक ओहोटीची.
मधलं अंतर चार बोटं.
एवढाच समुद्र पोचतो आमच्यापर्यंत,
अख्ख्या देशाची लांबी चालून दमलेला,
मीठ वाटेतच कुठेतरी सांडलेला.
पण येतो. दिवसातून दोनदा येतो
आणि उंबऱ्यावरूनच मागे फिरतो.

बावीस वर्षं मी दोर ओढून तराफा नेला
या काठावरून त्या काठाला.
गुरं, गरोदर बायका, साखरेची पोती,
एकदा एक नवरदेव
आणि पुढच्याच खेपेला त्याची पहिली बायको.
नदीला आडवं जाणं, एवढंच मला येतं.
तिच्या कलानं, तिच्यासोबत खाली
मी कधी गेलो नाही.

मग पूल झाला.
चांगला आहे पूल. रात्रीही जागा असतो.
लोक म्हणाले, डेम्बो, तुला सुट्टी लागली!
तिदानं तो शब्द उचलला
तांदळातला खडा उचलावा तसा,
उजेडात धरून पाहिला, आणि म्हणाली,
सुट्टी आहे, तर जायचं कुठं?

आता रोज रात्री चहाची तिसरी उकळी होईपर्यंत
आम्ही समुद्राला जातो.
न्यिमा वहीच्या मागच्या पानावर लिहून घेते:
ब्रिकामापर्यंत व्हॅन, पुढे तांजीला दुसरी.
तांजीला काडी आहे, माझी मावसबहीण,
बोंगा मासे धुरावर धरते,
तिचा निरोप आलाय: या खुशाल,
चटया आणा, आणि झोपेची आशा धरू नका,
तो रात्रभर बडबडतो.

शेळी गाभण आहे. (सांकुंगच्या आईला सांगायचं.)
भुईमूग भाजून घ्यायचे, अर्धी पिशवी.
औषधाच्या दुकानातल्या कॅलेंडरवर
एक गोरी बाई वाळूत झोपलीय, डोळे मिटून,
शेजारी छत्री.
तिदा विचारते, छत्रीचं भाडं किती असेल?
न्यिमा लिहिते: छत्री.
मग खोडते. मग पुन्हा लिहिते.

दूध पावडरच्या डब्यात पैसे आहेत,
मागच्या वर्षी तोबास्कीचा मेंढा ते खाऊन गेला,
त्याच्या मागच्या वर्षी माझी पाठ.
तिदा म्हणते, आधी परतीचं भाडं वेगळं बांध.
तिघांचं. पदरात नको, माझ्या पोटाशी बांध.
तो माणसं ठेवून घेतो.

फिलीजीचं नाव कुणी काढलं नाही.
तिचा धाकटा भाऊ,
त्याच किनाऱ्यावरून नावेत बसला होता,
नव्वद जणांबरोबर, उत्तरेकडे तोंड करून.
शेगडीतला कोळसा फुटला तेवढाच आवाज.
न्यिमानं भाडं दोनदा मोजलं.

मग बऱ्याच वेळानं तिदा म्हणाली,
रिकाम्या हातानं कसं जायचं?
इतकी वर्षं तो येतोय,
आपण साधं पाणी विचारलं नाही.
मी म्हटलं, पाणी नेऊन काय करणार,
ते आपल्या आधी पोचलेलं असतं.
ती हसली नाही.
कोला न्यायचे, म्हणाली, चांगले निवडून,
दहा पांढरे, दहा तांबडे, पानात गुंडाळून.
मोठ्या घरी विचारायला जाताना नेतात तसे.

काय विचारणार आहेस, हे मी विचारलं नाही.

पहाटे धक्क्यावर गेलो, सवयीनं.
तराफा चिखलात बसलाय,
दोरावर कुणीतरी कपडे वाळत घातलेत.
वर पुलावरून एक ट्रक गेला.
पाणी वरच्या खुणेला टेकलं होतं,
टेकून थांबलं होतं जरासं,
पाहुणा निघण्याआधी दारात रेंगाळतो तसं.
आजूबाजूला कुणी नाही असं पाहून
मी खाली वाकलो.
गुरुवारी, म्हटलं.
शेळी व्याली नाही, तर गुरुवारी.