वरचं पाणी

माझ्या छतावर एक डाग आहे,
पातळ कॉफीच्या रंगाचा, कडेनं पिवळा.
तिसऱ्या मजल्यावरच्या व्लास्तिमिलची जुनी टाकी
मार्चमधल्या एका पहाटे उसवली,
तेव्हाचा.
त्यानं माफी मागितली, खसखशीचा केक आणला,
गुडघे टेकून माझी फरशी पुसली,
आणि पुसता पुसताच म्हणाला,
आता दोन मीटरची घ्यायचीय.

दोन मीटर. साडेआठशे लिटर.
मी ऑस्ट्रावाच्या चौकात अठ्ठावीस हिवाळे
हौदातले जिवंत कार्प विकलेत,
नाताळच्या आधीचा आठवडाभर, बोटं बधिर होईस्तोवर.
पाणी किती जड असतं
हे मला कुणी वहीत मांडून दाखवायला नको.
म्हटलं, बनवणारा निवडायला मीही येणार.
तुम्ही कशाला? म्हणाला.
मी नुसतं वर बघितलं.

पहिलं दुकान ओलोमोउत्सला.
आत निळा उजेड, गळ्यात ओळखपत्र घातलेला पोरगा,
दहा वर्षांची हमी,
हमीचा कागद असा गुळगुळीत की बोट घसरावं.
काच किती मिलिमीटर?
पुरेशी.
जोडतं कोण?
आमचे भागीदार.
कधी फुटली?
छे, कधीच नाही.
व्लास्तिमिल हरखून निऑन माशांचा थवा बघत होता,
तीस वर्षं खाणीत काढलेला माणूस,
उजेड दिसला की विरघळतो.
मी त्याची बाही ओढली.
इथं कुठंतरी पाणी मुरतंय,
आणि मुरलेलं पाणी शेवटी कुणाकडे उतरतं
ते मला ठाऊक आहे.

दुसरा सीमेपलीकडे, पोलंडमध्ये. निम्मी किंमत.
माणूस भला, त्यानं आम्हाला बिटाचं सूप पाजलं,
त्याच्याबद्दल वाईट बोलवत नाही.
पण सिलिकॉनच्या सांध्यात मोहरीएवढे बुडबुडे,
आणि बोट ठेवून विचारलं तर
काही होत नाही हो.
हेच वाक्य व्लास्तिमिलही म्हणायचा,
त्या मार्चपर्यंत.

तिसरी द्रहोमीरा.
गावाबाहेर, जुन्या अग्निशमन बंबाच्या शेडमध्ये.
तीन बोटांना चिकटपट्ट्या. बसा म्हणाली नाही.
कोपऱ्यात एक टाकी काठोकाठ भरलेली, मासा एकही नाही,
खाली वर्तमानपत्र पसरलेलं.
गेल्या गुरुवारपासून उभी आहे, म्हणाली.
पेपर ओला झाला तर मीच फोडते.
पेपर कोरडा होता.
त्यातलं शब्दकोडं अर्धं सोडवलेलं.

कधी फुटली?
दोन, म्हणाली.
साल सांगितलं, गाव सांगितलं.
एकीत चूक माझी.
मग प्रश्न तिचे सुरू झाले.
इमारत कुठल्या सालातली? मजला?
टाकी कुठल्या भिंतीला? स्टँड कोण करतंय?
पेन्सिलनं लिहीत होती, पंधरा मिलिमीटर,
आणि मान वर न करता,
खाली कोण राहतं?

व्लास्तिमिलनं माझ्याकडे बोट दाखवलं.

तिनं मला पाहिलं,
टेप न लावता माप घ्यावं तसं.
पंधरावर काट मारली.
एकोणीस लिहिलं.
आठ आठवडे लागतील, म्हणाली,
घाई असेल तर ओलोमोउत्सला जा.

पैशांवरून तो गाडीत कुरकुरला.
मी पाणी जोखलं होतं, गप्प राहिले.

नोव्हेंबरात सहा जणांनी पट्ट्यांनी ती वर चढवली,
जिन्यात शिव्या, रंगाचे टवके, एकाचा अंगठा.
आता रात्री पंपाची गुणगुण ऐकू येते,
दूर कुणीतरी शिलाई मशीन चालवत बसल्यासारखी.
रविवारी मी वर जाते.
माशांशी माझं फारसं जमत नाही,
आमचा जुना व्यवहार त्यांना कुणी सांगितला असावा.

छत अजून रंगवलेलं नाही.
भरवसा नाही असं नाही.
पण झोपण्याआधी त्या डागाखाली
स्टुलावर पेपर पसरते, शब्दकोड्याचं पान वर.
सकाळी चहासोबत सोडवते.
कोरडं असतं.