त्यावर एलिओदोरो म्हणाला

कालामाच्या अलीकडे, जिथे सरळ रस्ता
उगाचच एक वळण घेतो,
तिथल्या खानावळीत मी गल्ल्यावर बसते.
एलिओदोरो अकराला येतो.
पाण्याचा टँकर उन्हात उभा करतो,
चष्मा टँकरमध्ये विसरतो,
गेली सहा वर्षं विसरतोय,
आणि म्हणतो, वाच, काय म्हणतायत शहाणे.

मी वाचते: उंदरांचं आयुष्य दीडपट वाढवलं.
उंदरांनी अर्ज केला होता का, तो विचारतो.
आतून दोन्या नोल्बेर्ता ओरडते,
माझ्या पिठाच्या कोठीत या म्हणावं,
इथे फुकट वाढवून मिळतं.

मी वाचते: झोपलेल्या माणसाची स्वप्नं
आता यंत्र सांगणार.
माझ्या बायकोच्या डाव्या गुडघ्याला विचारा, तो म्हणतो,
रात्रभर तोच माझा गियर असतो.

मी वाचते: नवी बॅटरी, पाच मिनिटांत भरते.
तो खिडकीबाहेर बघतो.
तिथे सालारचं मीठ, डोळ्यांत खुपणारं,
त्याच मिठाखालून उपसतात ते लिथियम,
आणि उपसणाऱ्यांच्या आंघोळीचं पाणी
हाच नेतो, आठवड्यातून तीनदा.
भरते पाच मिनिटांत, तो म्हणतो,
आम्ही रिकामे किती वेळात होतो, ते मोजलं का कुणी?
मग स्वतःच ओशाळतो, जरा मोठं बोलून गेलो म्हणून,
आणि रश्श्यात पाव बुडवत बसतो.

उचलली जीभ लावली टाळ्याला, नोल्बेर्ता म्हणते.
टाळा माझा, जीभ माझी, तो म्हणतो,
बिल फक्त कास्वेलाचं कर.

मग तो ग्रह आला.
एकशे वीस प्रकाशवर्षांवर,
हवेत पाण्याची वाफ, पहिल्या पानावर, रंगीत.
पत्ता लिहून घे, एलिओदोरो म्हणाला,
किरकोळ लागतं की घाऊक?
आणि परतीच्या डिझेलचं काय?

कोपऱ्यातल्या टेबलावरची बाई हसली.
वरच्या पठारावरची, एस्टोनियाची, ओठ उलून फाटलेले,
नाव त्रीन.
म्हणाली, तो ग्रह माझाच आहे.
म्हणजे मी चार वर्षं त्याच्याकडे बघतेय.
पण वाफ आहे असं मी म्हटलं नव्हतं,
असेल, असं म्हटलं होतं.
मिठाची बाटली तारा, लिंबाची फोड ग्रह,
फोड फिरवत फिरवत तिने दाखवलं
उजेड किती कमी होतो ते.
किती?
त्या खिडकीवर माशी बसली तर होईल, त्याहूनही कमी.

एलिओदोरो लिंबाकडे बघत राहिला.
रात्री तिथे वर काय ऐकू येतं, त्याने विचारलं.
बहुतेक वेळा जनरेटर, ती म्हणाली.
तुमच्या चहाचं पाणी माझंच असतं, तो म्हणाला,
आणि का कोण जाणे, दोघांनी हात मिळवले.

त्यानंतर सात-आठ आठवडे
रोबोचे हात, चंद्राची माती, आपोआप शिवला जाणारा बूट,
सगळ्यांना त्याने नेहमीसारखं धुतलं.

एका मंगळवारी तो आला तेव्हा चष्मा नाकावर होता.
मी पान नऊ घाईने उलटलं.
त्याने माझ्या हातून पेपर घेतला,
ओळीखाली बोट धरून, ओठ हलवत
ती चार ओळींची बातमी वाचली:
वाफ नव्हतीच बहुधा. उपकरणाचा दोष असावा.

कास्वेलावर साय धरली.
नोल्बेर्ता दोनदा दाराशी येऊन गेली, बोलली नाही.
बाहेर टँकरच्या नळातून
थेंब पडत होता, जमिनीला लागायच्या आत सुकत होता.

चार वर्षं, एलिओदोरो म्हणाला.

मग चष्मा पुसून खिशात ठेवला
आणि माझ्याकडे न बघता म्हणाला,
तिथली फेरी रद्द कर.
वरच्या पठारावरची आज करतो,
उद्याची होती, पण आजच करतो.