सारखा अंधार

भुसावळला चष्म्याच्या दुकानात
पोरगा म्हणतो, काका, हा घालून बघा, चमक कापतो.
मग स्वतःचा मोबाईल माझ्यासमोर धरतो
आणि हळूच फिरवतो.
पडदा काळा.
पोरगा हसतो : जादू!

बाबू, ही जादू मी एकवीस हंगाम केली.

तापीकाठच्या कारखान्यात, लॅबमागची खोली,
खिडकीला काळा कागद,
सोडियमच्या दिव्याचा पिकल्या केळीसारखा उजेड
आणि वीतभर काचनळी.
रस नितळ होईतो गाळायचा,
नळीत भरायचा, बुडबुडा राहू द्यायचा नाही.
डोळा लावला की वाटोळ्यात दोन अर्धी,
एक उजळ, एक काळपट.
चकती फिरवत जायचं
दोन्हींचा अंधार सारखा होईपर्यंत.
तिथं जो आकडा, तो पोल.

उजेड चहूअंगांनी थरथरत येतो.
पहिली काच त्यातली एकच थरथर पुढं सोडते,
ती गोडीतून जाताना उजवीकडे कलते,
जितकी साखर तितकी.
वारके साहेबांनी एकदाच समजावलं,
सुपारी कातरता कातरता.

गाडीतळावर ऊस तीन-तीन दिवस वाळायचा.
बैल रवंथ करायचे, पोल उतरायचा.
पार आंबलेला रस तर
उजेडाला डावीकडे नेतो.
एका रात्री हिरामण पावरा दाराशी आला,
तोडीचा कोयता बाहेर ठेवून.
आमचा ऊस काय म्हणतो?
म्हटलं, ये, तूच बघ.
तो बराच वेळ वाकून राहिला.
"चांदाच्या दोन फाका दिसतात.
ह्या जोडायचा पगार भेटतो तुले?"

पुढं कारखाना बंद पडला.
यंत्र भंगारात वजनावर गेलं,
नळ्यांचा डबा कुणी नेला माहीत नाही.
माझ्याकडे उरली ती डावा डोळा मिटायची खोड.

चष्मा घेतला. भाव केला नाही.

परतताना तापीच्या पुलावर स्कूटर थांबवली.
पाण्यावरची चकाकी गेलेली,
खाली गोटे, शेवाळ,
गोट्यांच्या सावलीत स्थिर उभा एक मासा.
मान खांद्याकडे झुकवली, चकाकी परत.
सरळ केली, मासा.
पुन्हा झुकवली,
मग थोडी कमी, मग अजून थोडी,
डावा डोळा आपोआप मिटलेला,
आकडा लागेना.

मोटारसायकलवाला थांबून विचारतो,
मान धरली का, दादा?