निळा संपला

शाळेच्या फाटकासमोर माझं झेरॉक्सचं दुकान.
सणाच्या आदल्या रात्री मी ते लवकर बंद करत नाही,
कारण साडेनऊला कुणाच्या तरी आईला आठवतं
की उद्या पोस्टर द्यायचंय.

साचे माझ्याकडे सगळे आहेत.
नववर्षाला कंदील आणि फटाक्यांची माळ,
पाचव्या महिन्यातल्या पाचव्या दिवसाला होडी, तिला ड्रॅगनचं तोंड,
शरदातल्या पुनवेला ससा. ससा सगळ्यात जास्त खपतो.
फिक्या रेघांत छापून देते, मुलं वरून गिरवतात,
कधी बाप गिरवतो, मूल दप्तरावर डोकं ठेवून झोपलेलं.
मजकुरासाठी चौकट आखलेली असते.
मजकूरही असतो.

छिंगमिंगचा साचा तीन नंबरचा:
वाळुंजाची लोंबती फांदी, दोन पाकोळ्या, एक पतंग,
कोपऱ्यात ताटलीत हिरव्या पिठाचे गोळे.
पितरांचा दिवस, पण थडगं नाही त्यात.
चौदा वर्षांत कुणी मागितलंच नाही.

काल तान ज्याशू आला. तिसरीतला, पुढचा दात पडलेला.
साचा नको, म्हणाला. निळा द्या.
कुठला निळा?
असतील तेवढे.

काउंटरवर त्यानं कागद उलगडला.
अगदी वर बोटभर आभाळ,
त्याखाली रेघ, रेघेवर होडी,
होडीत चार माणसं, एकीच्या हातात पिवळी शेवंती.
रेघेखालचा सगळा कागद कोरा,
तळाशी मात्र पेन्सिलीनं बारीक बारीक
पायऱ्या, छपरं, एक पूल,
टेकाडावर तीन थडगी.

"आजोबांचे बाबा इथं," तो म्हणाला,
"त्यांची आई इथं. तिसरं कुणाचं ते आजीलाही माहीत नाही,
पण तेही झाडायचे."
आता होडी थांबवतात, इंजिन बंद करतात,
आणि आजी अंदाजानं म्हणते, हं, इथंच.

पाणी किती खोल आहे, काकू?
धरणाच्या भिंतीवर आकडे आहेत, मी म्हटलं.
ते माहीत आहेत. कागदावर किती बोटं?

काय सांगणार.
निळे मोजून दिले, पाच.
एक वाळका निघाला, त्याचे पैसे धरले नाहीत.
स्टुलावर बसून तो ओढू लागला आडव्या रेघा,
डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे,
थडग्यांशी आला की हात हलका.
फू बाई गुण कापणार हे मला दिसत होतं:
चौकट नाही, शीर्षकाला जागा नाही,
पाकोळी एकही नाही.
बोलणारच होते,
तेवढ्यात पुलाच्या डाव्या हाताचं तिसरं छप्पर
त्यानं सरळ काढलेलं दिसलं.

ते सरळ नव्हतं.
मागच्या अंगाला बसकं होतं,
एका वर्षी बर्फानं तुळई खचली तेव्हापासून.
आणि मोरीला टेकून जर्दाळूचं झाड होतं,
त्याची फळं आमच्यापेक्षा कावळ्यांनीच जास्त खाल्ली.
यान्वान हे नाव वीस वर्षांत
फॉर्म सोडून मी कुठं लिहिलं नाही.
नव्या घराची किल्ली मिळाली त्या दिवशी
आई म्हणाली होती, नळाला चोवीस तास पाणी आहे.
मग बराच वेळ काही बोलली नाही.

आण ती पेन्सिल, म्हटलं.

छप्पर बसवलं. झाड काढलं.
काकू, जर्दाळू लाल की नारिंगी?
नारिंगी. पण छिंगमिंगला फळं कुठली, नुसती फुलं असतात.
तरी त्यानं काढली. अकरा.
पाण्याखाली कोण बघतंय.

मग त्यावरून निळा.
शेवटचा निळा उजव्या कोपऱ्याशी येऊन संपला,
तळहाताएवढा कागद पांढरा राहिला.
राहू दे, तिथं मासे, तो म्हणाला,
पण मासे काढले नाहीत, झोप आली त्याला.

आज सकाळी सातला शटर वर केलं.
उशिरा जागे झालेले बावीस जण
तीन नंबर घेऊन गेले.
काउंटरच्या काचेवर निळे फराटे होते,
कागदाबाहेर गेलेल्या रेघांचे.
पुसायला फडकं घेतलं,
मग सुट्ट्या पैशांचा डबा त्यांच्यावर सरकवला.