पाठुंगळी, पंचाण्णव रियाल

घुब्रातल्या त्या दुकानात शम्नाद, कण्णूरचा,
आधी विचारतो, पाठ कुणाची?
मी म्हणते, माझी.
तो माझ्या मागे कुणी उभं आहे का बघतो.
कुणी नाही. निशिकांत मरमूलला, रिगवर,
अठ्ठावीसातले अकरा दिवस झालेत.
डोंगर मात्र दर शुक्रवारी येतो,
त्याला रोटेशन नाही.

शम्नाद टेप मारिसेलच्या हातात देतो
आणि स्वतः बुटांच्या कपाटाकडे तोंड करून थांबतो.
मान खाली घातली की वर येतं त्या हाडापासून
कमरेच्या हाडापर्यंत,
बेचाळीस सेंटिमीटर.
छत्तीस वर्षांत उंची मोजून झाली, वजन,
पोटाचा घेर तर दर महिन्याला.
पाठ पहिल्यांदाच.

लाल बॅग देखणी, पण पट्टे सहा फुटी माणसाचे,
त्यात अबोलीऐवजी मीच मावले असते.
निळीला छत नाही.
इथे छत नाही म्हणजे तवा.
करडीला छत आहे, हनुवटीखाली मऊ उशी आहे
(लाळ गळणार, काढून धुता येते),
पट्ट्याला तळहाताएवढा आरसा आहे,
आणि किंमत आहे.
पंचाण्णवला दोनशेवीसनं गुणायचं नाही असं ठरवून
मी गुणते.

सरावाला अकरा किलो वाळूची पिशवी.
ती पाठीवर घेऊन तंबूंच्या, स्टोव्हच्या मधून
दोन फेऱ्या मारते.
जमतंय.
पण वाळू केस ओढत नाही.
वाळूला अर्ध्या वाटेत खाली उतरायचं नसतं,
उतरल्यावर लगेच वर यायचं नसतं.

ओझं खांद्यावर नाही घ्यायचं, मॅडम,
शम्नाद कपाटाकडे बघतच सांगतो,
कमरेवर घ्यायचं. खांद्यांनी नुसता तोल धरायचा.

आईला हे कुणी सांगितलं नव्हतं.
ती कंबर एका बाजूला काढून मला त्यावर बसवायची
आणि उरलेल्या हातानं भाकरी थापायची,
गॅस सिलेंडरच्या रांगेत उभी राहायची.
ना पट्टा, ना बक्कल, ना दोन वर्षांची वॉरंटी.
आता तिच्या मणक्यातल्या दोन चकत्या सरकल्यात,
डावीकडे.
मी डावीकडे असायचे.

करडी द्या, म्हटलं.

शुक्रवारी सहाला रियामहून निघालो.
दगडांवर रंगाचे पट्टे, ते बघत चढायचं.
डिसेंबर असूनही पहिल्या वळणालाच पाठ भिजली,
तिची की माझी, कळायला मार्ग नाही.
मागे ती काय करतेय दिसत नाही.
आरशात अर्धा कान, बाकी आभाळ.
अंदाज बांधायचा:
टाच बरगडीला लागली म्हणजे शेळी दिसली,
दोन्ही टाचा म्हणजे दोन शेळ्या,
भार अचानक उजवीकडे कलला
म्हणजे झोप.

मग सूर्य मागून वर आला
आणि समोरच्या तपकिरी खडकावर आमची सावली पडली,
दोन डोकी, एक छप्पर, दोनच पाय.
वरचं डोकं कलंडलेलं.
मी थांबले, तर सगळंच थांबलं.
खाली मत्र्याच्या धक्क्यावर होड्या हलत होत्या.

पट्ट्याच्या आत लेबल आहे: कमाल अठरा किलो.
म्हणजे अजून अडीच-तीन वर्षं.
नंतर ती स्वतःच्या पायांनी चढेल,
किंवा येतच नाही म्हणेल.

रात्री निशिकांतनं फोनवर विचारलं,
मला बसेल ना गं ती बॅग?
बसेल, पट्टे सैल करावे लागतील.
पण मी स्केचपेननं खूण करून ठेवलीय
चारही ठिकाणी, निळ्या शाईची.
वापरून झाली की
परत तिथे आणून ठेवायची.