चाळीस

ट्रॉम्ब्याला, रिफायनरीच्या ज्वाळेपासून
दोन हाकांच्या अंतरावर
भुईमुगाचे सत्तावीस वाफे.
हिराजी वैती त्यांत उकिडवे,
मी वर दुसऱ्या मजल्यावर,
मुळाचं टोक काचपट्टीवर चिरडून
गुणसूत्रं मोजते.

चाळीस.
काल चाळीस, आज चाळीस.
एकदा एकेचाळीस भरली,
ती माझीच पापणी निघाली.

वीस एका कुळाची, वीस दुसऱ्या.
समुद्रापार दोन रानवेली
कुठल्याशा मधमाशीच्या पायाने सोयरिक जुळलेल्या,
आणि लेकरू वांझ:
पेशीच्या पंगतीत कुणालाच जोडीदार मिळेना.
मग कधीतरी भागाकार चुकला.
पेशी दुभंगायचीच विसरली,
प्रत्येकाला आपल्यासारखा दुसरा सापडला,
आणि त्या चुकीला शेंग धरली.

केंकरेबाई म्हणतात, आपण वेगळं काय करतो?
बियांची पुरचुंडी गॅमा किरणांपुढे ठेवतो,
चुका जरा लवकर व्हाव्यात म्हणून.
पहिली पिढी खुरटी, रुसलेली.
दुसरीत काही रोपं पांढरीफटक,
हिरवं व्हायचा धडाच गळालेला;
दहा दिवस बीच्या शिदोरीवर जगतात.

गेल्या हंगामात हिराजींनी एका झाडाला
लाल चिंधी बांधली.
"आऱ्या बघा ह्याच्या. सगळ्या बुडाशी, दाट.
उपटताना मातीत काही राहायचं नाही."
मी मोजली. चाळीस.
बदल असलाच तर एखाद्या अक्षराचा,
माझ्या भिंगाला न दिसणारा.

"आमच्यात घारे डोळे असेच मधूनच येतात,"
ते म्हणाले. "नातीला आलेत.
माझ्या आजीनंतर कुणाला नव्हते.
इतकी वर्षं कुठं बसून होते?"
गप्प बसून होते, म्हटलं.
ते हसले. "मग आमच्यातले नव्हेत."

ते बी राखलं, साठ रोपं लावली.
साठांतलं एकही तसं नाही.
त्या कोपऱ्यात माती भुसभुशीत असेल,
बाई म्हणाल्या, आणि वहीत रेघ मारली.
हिराजींनी चिंधी धुऊन
कुंपणाच्या तारेवर वाळत घातली.

आज सकाळी खिडकीतून पाहिलं:
एकोणीस नंबरच्या वाफ्यात
ते चालता चालता थांबले,
दोन पावलं मागे आले,
वाकले.
एक हात पानांखाली,
दुसरा खिसा चाचपत.

मी काचपट्टी पुसली.