छत्तीस पानं

काठमांडूला जायचं तर
पासपोर्ट, नाहीतर मतदार कार्ड.
आधार चालत नाही, म्हणाला तिकीटवाला पोरगा,
पासष्टच्या पुढं असता तर चाललं असतं, मावशी.
मी बासष्टची.
तीन वर्षं थांब म्हणावं का जुनेलीला,
हळद लावून?

दिल्लीहून दीड तास.
नाशिकरोडहून त्र्यंबकला एसटीला लागतो तेवढाच.

आधारनं तसंही मला कधी ओळखलं नाही.
रेशनच्या दुकानात यंत्रावर अंगठा ठेवते,
लाल दिवा.
पदराला पुसते, पुन्हा ठेवते. लाल.
एकतीस वर्षं प्रेसमध्ये पानं मोजली,
कागदानं हळूहळू रेषा नेल्या.
त्या भिंतीआड पासपोर्ट छापतात
हे सगळ्या नाशिकरोडला ठाऊक,
कुणाच्या बोटांनी मोजतात
ते कुठल्याच पानावर नाही.

सुटताना रोज झडती.
डबा उघडा, चपला झटका, अंबाडा सोडा.
(केसांत कोण पासपोर्ट नेणार?
पण आमच्या द्वारकाबाईचे होते खरे तेवढे केस.)
एक खराब पान कधी माझ्याबरोबर बाहेर आलं नाही,
चांगलंही नाही.
लोक दुबईला गेले, मेलबर्नला गेले,
मी भोंगा झाला की जेलरोडला गेले.

जेलरोडला आमच्या सोसायटीत
पाण्याच्या टाकीखाली टेकबहादूरची खोली.
मनकुमारीला कळा लागल्या तेव्हा
रिक्षात मीच होते बिटकोपर्यंत.
नर्सनं विचारलं, तुम्ही यांच्या कोण?
म्हटलं, दुसऱ्या मजल्यावरची.
मुलीचं नाव जुनेली.
म्हणजे चांदणं, मनकुमारी म्हणाली,
आणि आम्ही दोघींनी वर बघितलं
तर टाकी.

नऊ वर्षं ती माझ्या ओट्याशी बसून
भाकरीचा पापुद्रा आधी खायची.
मग गेले ते. गोरखपूरपर्यंत रेल्वे,
पुढं बस, पुढं चालत.
सीमेवर कुणी काही विचारलं नाही म्हणे.
ट्रंकेवर मी खडूनं नाव घातलं होतं,
तेवढीच त्यांची ओळख.

आता पत्रिका आली आहे, फोनवर.
अक्षरं आपलीच, शब्द निम्मे कळतात.
मंसिर म्हणजे मार्गशीर्ष, हे माझं मीच लावलं.
खाली मात्र तिनं मराठीत लिहिलंय,
काकू ये, नाहीतर मी रुसनार.
ण चा न केलाय.
पाटीवर किती वेळा गिरवून घेतला होता तो ण.

मतदार कार्ड सापडलं
डाळीच्या डब्यामागं, जुन्या वीजबिलांत.
फोटोत मी कुठली आणि भिंत कुठली, कळेना.
नाव शेवंता. वय बरोबर.
लिंग, पुरुष.
तीन निवडणुका मी पुरुष म्हणून शाई लावून घेतली,
कुणाची हरकत नव्हती.
तहसीलातला कारकून कार्डाकडं बघे, माझ्याकडं बघे.
नमुना आठ भरा.
बाई असल्याचा पुरावा काय जोडताय?
आधार, मी म्हटलं.
तो त्याला चालला.

सतराव्या दिवशी पोस्टमन नवीन कार्ड देऊन गेला.
येवल्याचं लुगडं घेऊन ठेवलंय,
दोन किलो मनुका,
वजनात बसतात की नाही कोण जाणे.

हर्षल म्हणतो, आई, तू पासपोर्टच काढ ना आता.
काढीन.
त्याचा काल टेबलावर पडला होता, निळा.
पुसायला म्हणून उचलला,
अंगठा आपोआप कडेला गेला
आणि मी नको म्हणेपर्यंत मोजून झालं होतं.
छत्तीस. बरोबर.
जागच्या जागी ठेवला.
आणि तिथंच, स्वयंपाकघराच्या दारात,
दोन्ही हात अंगापासून लांब धरून
उभी राहिले थोडा वेळ.